पिळवणूक रोखायची तर सुरुवात प्रश्नावलीपासून करा

वृद्धांची देखभाल करण्याच्या कामावर मी परदेशात होते, तेव्हा एकदा आमच्याकडे सर्वेक्षण करणारी बाई आली. तिच्या कागदावर प्रश्न होता, ‘तुम्हाला कोंडून ठेवलं जातं का?’ आम्ही सगळ्याजणींनी ‘नाही’ सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दार सताड उघडं असायचं. पासपोर्ट मात्र मालकाच्या कपाटात होता, एजंटच्या फीसाठी घरच्यांनी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं, आणि ‘नोकरी सुटली की व्हिसा सुटला’ हे आल्याआल्याच ऐकवून झालं होतं. बाई मनाने चांगली होती. पण तिच्या तक्त्यात आमच्यासमोर ‘बंधन नाही’ अशीच खूण पडली असणार.

पुढे मी स्वतःच अशी सर्वेक्षणं करू लागले. आधी दुभाषी म्हणून, मग मुलाखती घेणारी म्हणून, आणि आता प्रश्न ठरवणाऱ्या गटात. छोट्या संस्था, कामगार संघटना, समाजकार्याचे विद्यार्थी, पत्रकार, कधी एखाद्या कंपनीत पुरवठादारांची तपासणी करणारे लोक विचारतात, की अभ्यास करायचाय, ज्यांनी भोगलंय त्यांनाही सोबत घ्यायचंय, तर कसं करू? त्यांना जे सांगते ते इथे लिहिते. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. त्यातून गेलेल्या माणसांना शेवटी मनोगत द्यायला बोलावू नका. प्रश्न लिहिले जात असतात तेव्हा बोलावा.

काय रोखायचंय ते एका वाक्यात लिहा

‘मानवी तस्करी रोखणे’ हे फलकावर शोभतं, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही. ‘अमुक क्षेत्रात नोकरी लागण्यासाठी कामगाराच्या खिशातून पैसे जातात, ते थांबवायचे’ हे चालेल. ‘घरकामगारांची कागदपत्रं त्यांच्याच ताब्यात राहावीत’ हेही चालेल. काही काळाने कोणी विचारलं, ‘झालं का?’, तर हो किंवा नाही असं उत्तर देता आलं पाहिजे.

वाक्य ठरलं की कायद्याच्या व्याख्या एकदा नीट वाचून घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ क्रमांकाच्या करारानुसार, शिक्षेचा धाक दाखवून करून घेतलेलं आणि माणूस स्वेच्छेने पुढे न आलेलं काम म्हणजे सक्तीची मजुरी. तस्करीविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो प्रोटोकॉल तीन गोष्टी पाहतो: माणसाला मिळवणं, नेणं किंवा ठेवून घेणं ही कृती, त्यासाठी वापरलेली जबरदस्ती, फसवणूक किंवा लाचारीचा गैरफायदा, आणि शोषणाचा हेतू. अशी साधनं वापरली असतील तर ‘तिने स्वतः होकार दिला होता’ या सबबीला किंमत उरत नाही. मुलांच्या बाबतीत तर साधन सिद्ध करावंच लागत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाड खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात, आणखी पुढचं पाऊल टाकलं. गरिबीच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावं लागणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच ठरते, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल मी प्रत्येक नव्या गटात सांगते. सक्तीला साखळदंड लागत नाही, हे न्यायाधीशांच्या तोंडून आलं की लोकांना लवकर पटतं.

श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणा दिल्या आहेत: असहायतेचा गैरफायदा, फसवणूक, हिंडण्याफिरण्यावर बंधन, एकटं पाडणं, शारीरिक आणि लैंगिक हिंसा, धाकदपटशा, ओळखपत्रं काढून घेणं, वेतन अडवणं, कर्जात अडकवणं, कामाची आणि राहण्याची हलाखी, बेसुमार ओव्हरटाइम. कधी यांतली एकच खूण पुरते, कधी चारपाच एकत्र पाहाव्या लागतात. यादी जवळ ठेवा, पण मुलाखतीत बाहेर काढू नका. तसं केलं की प्रश्न पुन्हा ‘कोंडून ठेवलं का?’ यावर येतो.

आकडे वाचा, पण कोण मोजलं गेलं ते विचारा

श्रम संघटना, आधुनिक गुलामगिरीविरुद्ध काम करणारी वॉक फ्री ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांच्या २०२२ च्या अहवालानुसार, २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती. सक्तीची लग्नं धरली तर एकूण आकडा ४ कोटी ९६ लाख. सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असं श्रम संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं. मी यातला नफ्याचा आकडा जास्त वापरते. कारण तो ऐकल्यावर समोरचा माणूस ‘बिचारे’ म्हणून थांबत नाही. पैसे कोणाकडे जातात हे विचारतो.

हे जगाचे अंदाज आहेत. तुमच्या क्षेत्राच्या, तुमच्या भागाच्या नोंदी वेगळ्या असतात, आणि त्या बहुतेक ‘सापडलेल्यांच्या’ असतात. जिथे छापे पडतात, जिथे संस्थांची कार्यालयं आहेत, तिथली माणसं यादीत येतात. देहविक्रीच्या अड्ड्यांवर धाडी पडतात म्हणून तिथल्या बायका मोजल्या जातात. खासगी घरात काम करणारी बाई कोणाच्याच यादीत नसते. ब्रिटनमध्ये २०१३ साली वेगवेगळ्या यंत्रणांना मिळून २,७४४ संभाव्य पीडित आढळले होते. गृहखात्याचे तेव्हाचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी त्या याद्यांमध्ये किती नावं सामाईक आहेत हे पाहून, एकाही यादीत नसलेल्यांचा अंदाज काढला. एकूण आकडा १०,००० ते १३,००० निघाला. या पद्धतीवर नंतर टीकाही झाली. पण यादीबाहेर किती जण राहतात याची कल्पना येते.

तुमची संस्था छोटी असेल तर ‘किती’च्या मागे लागू नका. त्याला सांख्यिकी जाणणारे लोक आणि बऱ्याच याद्या लागतात. तुम्ही ‘कसं’ शोधा.

अजून एक. पीडित कसा दिसतो याचं डोक्यातलं चित्र तपासून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, लोकांना ऑनलाइन गंडवण्याचं काम जबरदस्तीने करायला लावणाऱ्या केंद्रांत डांबलेल्यांची संख्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख असल्याचा अंदाज दिला. त्यांत पदवीधर होते, संगणक येणारे होते, दोनतीन भाषा बोलणारे होते. ‘अशिक्षित, गरीब खेडूत’ एवढ्यांसाठी काढलेली पत्रकं यांच्यापर्यंत कशी पोचणार? शिवाय या लोकांकडून गुन्हा करून घेतलेला असतो. २९ क्रमांकाच्या कराराला २०१४ मध्ये जोडलेल्या प्रोटोकॉलमध्ये म्हटलंय, की सक्तीमुळे कराव्या लागलेल्या बेकायदा कृत्यांसाठी पीडितांवर खटला न भरण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना असायला हवा. अधिकार असणं आणि तो वापरला जाणं यांत अंतर आहे. म्हणून अशा माणसांची मुलाखत घेणार असाल, तर तुमची टिपणं पोलिसांनी मागितली तर तुम्ही काय कराल, हे आधी वकिलाला विचारून ठेवा. आणि ते उत्तर मुलाखत देणाऱ्यालाही सांगा.

माणसं सोबत घेताना

भोगलेल्या एकाच माणसाला गटात घेऊन ‘आमच्याकडे प्रतिनिधी आहे’ म्हणणं फार सोपं आहे. मी देखभालीच्या कामातली. मासेमारीच्या बोटीवर महिनोन्‌महिने किनारा न पाहिलेल्या माणसाच्या वतीने मी काय बोलणार? ज्या कामाचा अभ्यास आहे त्याच कामातली माणसं शोधा, आणि निरनिराळी शोधा. सुटून आलेली, नुकसान सोसून का होईना मुदत पूर्ण केलेली, आणि ज्यांचं सगळं नीट पार पडलं तीसुद्धा. कोणाचं नीट झालं आणि का झालं, हे कळल्याशिवाय प्रतिबंधाचं काही सुचत नाही. जमलं तर खालच्या पातळीवरच्या भरती करणाऱ्यांशीही बोला. त्यांतले पुष्कळ आधी कामगारच असतात. वरच्या माणसाचं कमिशन किती आणि ते कोणाकडून वसूल होतं, हे त्यांच्याइतकं कोणी सांगत नाही. मात्र त्यांना आणि कामगारांना एका बैठकीत कधीही बसवू नका.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाला लोकांना वापरून घेणं, वर प्रत्यक्ष सत्ता, आणि मध्ये ‘सल्लामसलत’सारख्या पायऱ्या, ज्यांवर लोकांचं ऐकून घेतात आणि मनातलंच करतात. तुमचा अभ्यास कुठल्या पायरीवर आहे हे पाहायला एक प्रश्न पुरतो: गटातल्या कामगाराला प्रश्नावलीतला एखादा प्रश्न खोडता येतो का? येत नसेल तर त्याला सहसंशोधक म्हणू नका. सल्लागार म्हणा, त्यातही काही वावगं नाही. फक्त खोटं नाव देऊ नका. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. विद्यापीठातल्या लोकांना आधीच्या अभ्यासाशी तुलना करण्यासाठी जुनाच प्रश्न हवा असतो, गटाला तो नकोसा असतो. हा वाद होणारच.

पैसे. इथे मी जरा कडक आहे. बाहेरच्या तज्ज्ञाला तासाचे जे देता तेच द्या. बैठकीला येण्याचे द्या, आपबीती सांगण्याचे नव्हे. नाहीतर आपबीती जितकी भीषण तितकी तिची किंमत जास्त, असा अर्थ निघतो. प्रवासाचे आणि मूल सांभाळण्याचे पैसे आधी हातात ठेवा. ‘बिलं द्या, महिनाभराने खात्यात येतील’ हे ज्याचा पगार अडवून ठेवला गेला होता त्याला ऐकवू नका. पैसे कसे घेणं सोयीचं, हेही विचारा. कोणाला बँक खातं नसतं, कोणाचा सरकारी भत्ता अशा मिळकतीमुळे बंद होतो, कोणाच्या व्हिसावर काम करायलाच मनाई असते. हे न पाहता केलेली मदत त्याच माणसाच्या अंगाशी येते.

आणि गटात घेताना ‘तुमच्यावर काय गुदरलं?’ विचारू नका. माणूस कामासाठी घेताय. लिहिता येतं का, कुठली भाषा येते, आकडेमोड आवडते का, वेळ किती आहे, हे विचारा. मी ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकले त्या बाईंची पूर्ण हकिकत मला आजही माहीत नाही. त्यांना मुलाखतीही घ्यायच्या नव्हत्या. आलेली उत्तरं वाचून त्यांची वर्गवारी त्या करायच्या, आणि ‘हे उत्तर शिकवलेलं आहे’ हे त्या बरोबर ओळखायच्या.

प्रश्न कसे बदलतात

माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून यावर भरपूर वेळ द्या. प्रश्नावलीचा पहिला खर्डा गटात मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारा. हा प्रश्न तुम्ही तिथे असताना कोणी विचारला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं? आणि याचं कुठलं उत्तर मालकाने आधीच पढवून ठेवलेलं असतं? अर्धे प्रश्न या दुसऱ्या चाळणीतच गळतात. तास किती, पगार वेळेवर मिळतो का, जेवण कसं आहे, यांची उत्तरं जवळजवळ नेहमीच पढवलेली असतात.

मग प्रश्न फिरवायचे. ‘कोंडून ठेवलं का?’ याऐवजी: मागच्या वेळी बाहेर कधी गेलात? कोणाला सांगावं लागलं? यायला उशीर झाला असता तर काय झालं असतं? पहिल्या दोन प्रश्नांनी माणूस सैलावतो आणि तिसऱ्याला खरी माहिती मिळते.

‘कर्ज आहे का?’ याला लोक ‘नाही’ म्हणतात. कर्ज वडिलांच्या नावावर असतं, भावाच्या नावावर असतं, किंवा त्याला कोणी कर्ज म्हणतच नाही, ‘कापून घेतात’ म्हणतात. त्याऐवजी कागदावर पैशाचा माग काढा. कामावर जायचं ठरलं त्या दिवसापासून सुरू करा. पहिले पैसे कोणाला दिले, कशाचे म्हणून दिले, पावती मिळाली का, ते कुठून आणले. वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, तिकीट, ‘सेवाशुल्क’, विमानतळावर कोणीतरी मागितलेले सुटे पैसे, सगळं ओळीने. मग पहिला पगार कधी आला, त्यातून कोणाला आधी द्यावे लागले, आणि घरी पहिल्यांदा पैसे कधी पोचले. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर पाहा. त्या काळात माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असतो. असे माग दहाबारा जणांचे शेजारीशेजारी ठेवले की तीच तीच नावं, तीच तीच रक्कम दिसू लागते. कुठलाही सरासरीचा आकडा तेवढं सांगत नाही.

मारहाणीबद्दल थेट विचारू नका. आमच्या गटातून आलेला प्रश्न मला सर्वांत जास्त उपयोगी वाटतो: ‘नवीन मुलगी कामाला आली की तिला तुम्ही काय सांगता? काय करू नकोस म्हणता?’ उत्तरं अशी येतात: मोठ्या साहेबांसमोर फोन काढू नकोस, आजारी आहेस हे सोमवारी सांगू नकोस, एकटी स्टोअररूममध्ये जाऊ नकोस. बोलणाऱ्याला स्वतःचं काहीच उघडं करावं लागत नाही, आणि तुम्हाला धोका कुठे, कधी आणि कोणाकडून आहे ते कळतं.

‘मग सोडून का नाही गेलात?’ हा प्रश्न कोणालाही, कधीही विचारू नका. यात दोष ऐकणाऱ्याकडे सरकतो. विचारायचं ते असं: ‘सोडायचं ठरवलं असतं तर आधी काय काय जमवावं लागलं असतं?’ पासपोर्ट, दोन महिने पुरतील एवढे पैसे, झोपायला जागा, इथली भाषा बोलणारं कोणी, आणि गावी एजंट घरच्यांना त्रास देणार नाही याची खात्री. ही यादी जपून ठेवा. रोखण्याचं काम पुढे हिच्यावरूनच करायचं असतं.

तारखांचा घोळ होईल. सगळे दिवस सारखे असलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, आणि घाबरलेल्या माणसाला प्रसंग क्रमाने आठवत नाहीत. आठवण सणावाराला, पावसाला, कोणाच्या आजारपणाला टेकवून काढा. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीतलं बोलणं जुळलं नाही म्हणून ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारणारे संशोधक मी पाहिले आहेत. तो शेरा पुढे एखाद्या अर्जाच्या फायलीत जाऊन बसू शकतो.

जपायच्या गोष्टी

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीत सापडलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींसाठी दहा सूचना काढल्या. मूळ कागद वाचाच, इथे सगळ्या देत नाही. त्यांतल्या चारांवर मात्र लोक घाई करतात.

पहिली: पाळता येणार नाही असं वचन देऊ नका, आणि मदतीचे पत्ते आधी तयार ठेवा. पत्ते म्हणजे छापील यादी नव्हे. यादीतल्या प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करून पाहा, कोण उचलतं, कुठल्या भाषेत बोलतं, रात्री चालू असतं का.

दुसरी: दुभाषी. त्याच भाषेचा, त्याच समाजाचा दुभाषी मिळाला की संस्था खूश होतात. पण तो एजंटच्या नात्यातला असू शकतो, आणि नसला तरी गावी बातमी नेईल ही भीती असतेच. मुलाखत देणाऱ्याला स्वतःचं नाव न सांगता त्या दुभाष्याला नकार देता यावा, अशी सोय ठेवा.

तिसरी: धोका किती आहे हे तिचं तिला ठरवू द्या. ती म्हणाली आज नको, तर आज नको.

चौथी: मिळालेली माहिती चांगल्या कामी लावा. हे सर्वांत कमी पाळलं जातं.

संमतीबद्दल वेगळं लिहिते. संशोधनाच्या नीतिसमितीला सहीचा कागद हवा असतो. ज्यांना न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेऊनच अडकवलं, त्यांच्यासमोर तुम्ही पुन्हा कागद सरकवता! तोंडी संमती नोंदवायची परवानगी समितीकडून आधीच मागून घ्या. कारण नीट लिहिलं तर मिळू शकते. आणि संमती एकदाच घेऊन थांबू नका. सुरुवातीला, मध्ये, शेवटी, आणि दोनतीन दिवसांनी पुन्हा विचारा. निरोप मात्र कामगाराच्या फोनवर अभ्यासाच्या नावाने टाकू नका, फोन मालक तपासतो. कुठल्या शब्दांत निरोप द्यायचा ते तिलाच विचारून ठरवा.

निष्कर्षांचं काय करायचं

अभ्यास संपला की संस्थेत कोणीतरी म्हणतं, ‘आता जनजागृती करूया.’ साखळदंडात जखडलेल्या हातांचं पोस्टर तयार होतं. माझा याला विरोध आहे, आणि तो केवळ पोस्टरच्या रुचीबद्दल नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी दक्षिण आशियातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रियांच्या स्थलांतराचा आणि जाण्याआधी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. अशा छोट्या प्रशिक्षणाने पुढचं शोषण टळतं याला फारसा आधार त्यांना मिळाला नाही. मला नवल वाटलं नाही. पासपोर्ट देऊ नये हे मला माहीत होतं. देणार नाही म्हणण्याची ताकद नव्हती.

म्हणून ‘सोडायचं असतं तर’ ची यादी घ्या, आणि प्रत्येक अडचण एक गाठ आहे असं धरून दोन गोष्टी लिहा: ही कोणी बांधली, आणि कामगार सोडून आणखी कोणाला ती सोडवता येते. फीची गाठ घ्या. श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार म्हणतो, की खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून फी किंवा खर्च घेऊ नये. त्याला अपवाद ठेवायची मुभा आहे, आणि पुष्कळ देशांनी तो करार स्वीकारलेलाच नाही. पण २०१९ पासून भरतीची फी आणि संबंधित खर्च म्हणजे काय काय, याची श्रम संघटनेची व्याख्या उपलब्ध आहे. तुमच्या पैशाच्या मागातल्या एकेक नोंदी त्या व्याख्येशी ताडून पाहा आणि तो तक्ता मालकापुढे, किंवा त्या मालकाचा माल विकत घेणाऱ्या बड्या कंपनीपुढे ठेवा. फी परत द्यायला लावणं तिथून सुरू होतं. व्हिसाची गाठ सरकारने बांधलेली असते. तिथे मालकाशी भांडून काही होत नाही, मालक बदलण्याची मुभा मागावी लागते.

अनुभवातून नियम कसा तयार होतो याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडातल्या इमोकली गावात टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी १९९३ पासून संघटना बांधली, कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स. शेतांवरच्या सक्तीच्या मजुरीचे खटले उभे करायला त्यांनी मदत केली. पण त्यांना खटल्याची वेळच येऊ द्यायची नव्हती. त्यांचा फेअर फूड प्रोग्राम २०११ पासून फ्लोरिडाच्या बहुतेक टोमॅटो शेतांवर लागू झाला. मोठे खरेदीदार पौंडामागे थोडे जास्त पैसे मोजतात, आणि नियम मोडणाऱ्या शेताकडून खरेदी थांबवायला करारानेच बांधलेले असतात. नियमांत एक नियम बादलीचा आहे. मजुरी बादलीवर मिळायची, आणि मुकादम बादलीवर शीग लावून घ्यायचा. वरचा माल फुकट. शीग नाही लावली तर बादली मोजायची नाही, आणि भांडणाला सुरुवात तिथूनच. आता बादली काठापर्यंतच भरायची. कुठल्या कायदेतज्ज्ञाला हे सुचलं असतं? बादली खांद्यावरून वाहणाऱ्यालाच ते ठाऊक. शिवाय नियम समजावून सांगायला मजूरच येतात, कामाच्या वेळेत, त्या वेळेचे पैसे धरून. तक्रार करायला चोवीस तासांची सोय आहे.

तुमच्याकडे एवढा जोर नसेल. तरी सूत्र तेच ठेवा: ज्याच्या पैशावर मालक अवलंबून आहे त्याला शोधा.

काम झालं की नाही हे मोजायला ‘किती जणांना प्रशिक्षण दिलं’ हा आकडा टाळा. निधी देणाऱ्यांना तो फार आवडतो. गटाने निवडलेली तीनचार मापं घ्या. कामावर लागायला किती पैसे गेले, ओळखपत्र या क्षणी कोणाकडे आहे, पहिला पूर्ण पगार किती दिवसांनी मिळाला, काम सोडायचं तर कोणाला विचारावं लागतं. हेच प्रश्न सुरुवातीला विचारा आणि नंतर नव्या कामगारांना विचारा. पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढल्या तर घाबरू नका, निधी देणाऱ्यालाही हे आधीच सांगून ठेवा. तक्रार करता येते असं लोकांना वाटू लागलं की त्या वाढतातच.

छापण्याआधी

मजकूर ज्यांचा आहे त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत, आणि खोडायला मुदत द्या. नाव बदलणं पुरत नाही. बोटावरची भाजल्याची खूण, मुलांची संख्या, मालकाच्या घरातल्या कुत्र्याची जात, एवढ्यावरून ओळख पटते. अशा खुणा काढा, किंवा दोनतीन जणींच्या गोष्टी एकत्र करा आणि तसं केल्याचं लिहा. ज्या सहसंशोधकांना नाव हवंय त्यांचं नाव लेखकांत घाला, आभारात नको. ज्यांना नकोय त्यांना टोपणनाव निवडू द्या, तुम्ही ठेवू नका. समारंभाला ‘एखादी पीडिता बोलायला मिळेल का’ असा फोन येईल. नाही म्हणा, गटातलं कोणी निष्कर्ष मांडायला येईल, त्याचं मानधन इतकं, असं कळवा.

ध्वनिमुद्रणं कधी पुसणार ती तारीख संमती घेतानाच सांगितलेली असते. त्या दिवशी पुसा, बॅकअपमधूनही, आणि पुसल्याचं गटाला कळवा.